विद्यापीठांची जागतिक प्रतवारी



इ. स. २०२५ च्या जून महिन्यांत लंडनच्या एका संस्थेनें जगांतील विद्यापीठांची क्रमवार यादी प्रसिद्ध केली. तींत आपलें सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठ ५६६ व्या क्रमांकावर आलें. आदल्या वर्षीं तें ६३१ ते ६४० या गटांत होतें. म्हणजे त्यानें बरीच चढण चढली. पुढें सप्टेंबर महिन्यांत भारत सरकारची यादी निघाली. तींत हेंच विद्यापीठ देशांतील विद्यापीठांमध्यें २३ व्या क्रमांकावरून ५६ व्या क्रमांकावर उतरलें. तीन महिन्यांच्या अंतरानें दोन याद्या निघतात, एकींत चढ दिसतो आणि दुसरींत उतार दिसतो. विद्यापीठ तेंच, प्राध्यापक तेच, इमारतीहि त्याच. मग खरें कोणतें मानावें? या प्रश्नाचें उत्तर हवें असेल तर या याद्या कशा तयार होतात, त्या काय मोजतात आणि त्यांच्या मोजणींतून काय सुटतें, हें समजून घेतलें पाहिजे. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला, निवृत्त शाळामास्तर आहें. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधीं चढलों नाहीं. परंतु मुलांना गुण देण्यांत आणि त्यांचे नंबर लावण्यांत माझें आयुष्य गेलें. आणि या याद्या म्हणजे अखेर नंबर लावण्याचाच एक मोठा प्रकार असल्यामुळें त्यांविषयीं चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें. दुसरें कारण असें कीं, मी राहतों तें बावडा गांव इंदापूर तालुक्यांत, नीरा नदीच्या कांठच्या मुलखांत आहे. आमचीं मुलें इंदापुरास किंवा बारामतीस शिकलीं तर त्यांची पदवी पुणें विद्यापीठाची. नीरा ओलांडून जवळच्या अकलूजला गेलीं तर जिल्हा बदलतो आणि पदवी सोलापूर विद्यापीठाची होते. तेव्हां "गुरुजी, कोणत्या विद्यापीठाचा नंबर वरचा?" असें विचारणारे पालक आमच्याकडे दरवर्षीं भेटतात. ज्यांच्या घरीं ऊंसाच्या बिलावर मुलीच्या शिक्षणाचा खर्च ठरतो, त्यांच्या दृष्टीनें हा प्रश्न करमणुकीचा नाहीं.

शिवाय या याद्या आतां सरकारी नियमांतहि शिरल्या आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं महाराष्ट्र शासनाची राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ति आहे. ती मिळण्यास परदेशांतील विद्यापीठ लंडनच्या या यादींत ठराविक क्रमांकाच्या आंत असावें लागतें. ब्रिटननें २०२२ सालीं परदेशी पदवीधरांना नोकरीच्या शोधार्थ देशांत येऊं देण्याचा एक परवाना काढला. त्यासाठीं पदवी देणारें विद्यापीठ तीन जागतिक याद्यांपैकीं किमान दोहोंत पहिल्या ५० मध्यें असावें, अशी अट घातली. त्या पन्नासांत भारतांतील एकहि संस्था नव्हती. म्हणजे उमेदवाराची परीक्षा होण्यापूर्वींच त्याच्या विद्यापीठाची परीक्षा होते.

या तीन याद्या कोणत्या? पहिली शांघायची. चीनमधील शांघाय ज्याओ तोंग विद्यापीठानें ती २००३ सालीं प्रथम काढली. चीनचीं विद्यापीठें जगाच्या मानानें कोठें आहेत, हें पाहण्याचा तिचा मूळ हेतु होता. दुसरी लंडनच्या क्वाक्वारेली सायमंड्स या खासगी कंपनीची. तिला थोडक्यांत क्यू. एस. म्हणतात. तिसरी 'टाइम्स हायर एज्युकेशन' या नियतकालिकाची. २००४ ते २००९ पर्यंत या दोन्ही ब्रिटिश संस्था मिळून एकच यादी काढीत. पुढें त्यांचे मार्ग निराळे झाले. आपल्या सरकारनें २०१५ सालीं 'राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा' जाहीर करून २०१६ पासून देशापुरती यादी सुरू केली.

२०२५ सालीं निघालेल्या तीन जागतिक याद्या शेजारीं शेजारीं ठेवल्या तर आरंभींच मतभेद दिसतो. शांघायच्या यादींत पहिलें हार्वर्ड, क्यू. एस.च्या यादींत पहिली मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्या संस्था. टाइम्सच्या यादींत पहिलें ऑक्सफर्ड. पहिला नंबर कोणाचा, याविषयींच तीन परीक्षकांचें एकमत होत नाहीं. तेव्हां पांचशेंव्या आणि सहाशेंव्या क्रमांकाविषयीं तें व्हावें, अशी अपेक्षा कशी करावी?

याचें कारण शाळेंतील एका साध्या उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, वर्गांत दोन मुलें आहेत. पहिल्यास गणितांत ९० व भाषेंत ५० गुण मिळाले. दुसऱ्यास गणितांत ६० व भाषेंत ७५. दोन्ही विषयांना सारखें महत्त्व दिलें तर पहिल्याचे १४० आणि दुसऱ्याचे १३५ होतात. पहिला वर येतो. आतां भाषेचे गुण दुप्पट धरावयाचे असें ठरविलें तर पहिल्याचे १९० होतात आणि दुसऱ्याचे २१०. नंबर उलटले. यांत कोणत्याहि मुलानें एक ओळ अधिक वाचली नाहीं. बदल झाला तो मास्तरांच्या वहींत. विद्यापीठांच्या याद्या अशाच बनतात. अनेक गोष्टी मोजावयाच्या, प्रत्येकीस वजन द्यावयाचें, बेरीज करावयाची आणि नंबर लावावयाचे. कोणत्या गोष्टी घ्यावयाच्या आणि कोणास किती वजन द्यावयाचें, हें यादी काढणारा ठरवितो.

शांघायची यादी शंभरांपैकीं ३० गुण नोबेल पारितोषिक आणि गणितांतील फील्ड्स पदक यांसाठीं राखून ठेवते. १० माजी विद्यार्थ्यांनीं मिळविलेल्यांसाठीं आणि २० तेथील अध्यापकांनीं मिळविलेल्यांसाठीं. 'नेचर' व 'सायन्स' या दोन नियतकालिकांतील निबंधांस आणखी २० गुण आहेत. यांत वर्गांतील शिकवणीचा विचार नांवालाहि नाहीं. क्यू. एस.ची यादी याच्या उलट लौकिकावर उभी आहे. जगभरच्या प्राध्यापकांना व नोकरी देणाऱ्यांना पत्रें पाठवून "उत्तम विद्यापीठें कोणतीं?" असें विचारतात, त्या उत्तरांना अनुक्रमें ३० आणि १५, मिळून ४५ गुण. संशोधनाचा इतर विद्वानांनीं किती वेळां आधार घेतला यास २० गुण, विद्यार्थ्यांच्या मानानें शिक्षक किती यास १०, आणि उरलेले २५ गुण परदेशी विद्यार्थी, परदेशी अध्यापक, परदेशांशीं संशोधनसंबंध, पदवीधरांचा नोकरीधंदा व पर्यावरणविषयक काम यांत सारखे वांटलेले आहेत.

हीं वजनेंहि कायम नाहींत. क्यू. एस.नें २०२३ सालीं आपलें माप बदललें. विद्वानांच्या मताला पूर्वीं ४० गुण होते ते ३० केले. नोकरी देणाऱ्यांच्या मताचे १० होते ते १५ केले. विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचे २० होते ते १० वर आणले. आणि तीन नव्या गोष्टी घातल्या. त्याच वर्षीं मुंबईची पवई येथील आय. आय. टी. १७२ वरून १४९ वर आली. पुढच्या वर्षीं ती ११८ वर चढली आणि २०२५ सालीं १२९ वर उतरली. या चढउतारांत संस्थेच्या श्रमांचा वांटा किती आणि बदललेल्या मापाचा किती, हें यादीच्या आंकड्यांवरून कळत नाहीं. २३ पायऱ्या चढल्याचा आनंद करावा, परंतु पायऱ्यांची उंचीहि त्याच वर्षीं बदलली होती, हें विसरूं नये.

आतां पुणें विद्यापीठाचें कोडें सुटूं लागतें. सरकारी यादींत विद्यापीठांसाठीं अध्यापन व साधनें यांस ३०, संशोधनास ३०, पदवीधरांच्या निष्पत्तीस २०, सर्व थरांतील विद्यार्थ्यांना सामावून घेण्यास १० आणि लौकिकास अवघे १० गुण आहेत. अध्यापनाच्या ३० गुणांत विद्यार्थ्यांच्या मानानें कायम शिक्षक किती, त्यांची पात्रता व अनुभव किती, याला मोठें स्थान आहे. पुणें विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर जागांपैकीं पुष्कळ जागा वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या, हें वर्तमानपत्रांतून वारंवार प्रसिद्ध झालें आहे. सप्टेंबरमधील घसरणीनंतर चर्चा झाली तीहि मुख्यतः याच गोष्टीची. जेथें शिक्षकांच्या संख्येस वजन अधिक, तेथें ही उणीव उठून दिसते. जेथें लौकिकास वजन अधिक, तेथें ती झांकली जाते. प्राध्यापकाची खुर्ची रिकामी झाली तर वर्गाला तें त्याच दिवशीं कळतें. दूर देशींच्या विद्वानाच्या मतांत तें उतरावयास वर्षें लागतात. दोन्ही याद्या एकाच विद्यापीठाविषयीं बोलत होत्या, परंतु त्यांनीं विचारलेले प्रश्न निराळे होते. लौकिक अजून शिल्लक आहे असें एक सांगते. ज्यांच्या बळावर तो मिळाला तीं माणसें कमी होत आहेत असें दुसरी सांगते. माझ्या मतें दुसरीचें सांगणें अधिक निकडीचें आहे.

यानंतर पाहावयाची गोष्ट अशी कीं, 'विद्यापीठ' या एका शब्दानें सर्व देशांत एकच वस्तु दाखविली जात नाहीं. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं तीं लंडन विद्यापीठाच्या त्या काळच्या धर्तीवर. त्यांचें काम परीक्षा घेणें आणि पदव्या देणें. शिकवावयाचें तें महाविद्यालयांनीं. १८६२ सालीं मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या विद्यापीठाचे स्वतःचे वर्ग नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. आजच्या मापानें त्यास जवळजवळ शून्य गुण मिळाले असते. परंतु त्यानें पारखून दिलेल्या त्या मंडळींनीं पुढें महाराष्ट्राच्या विचारास वळण लावलें. पुणें विद्यापीठाचा कायदा १९४८ सालीं झाला आणि १९४९ सालीं बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या कुलगुरुत्वाखालीं तें कार्यास लागलें. त्याचे स्वतःचे विभाग गणेशखिंडीच्या आवारांत उभे राहिले, तरी संलग्न महाविद्यालयांची जुनी रचनाहि चालू राहिली. पुणें, अहिल्यानगर व नाशिक या जिल्ह्यांतील शेंकडों महाविद्यालयें आजहि त्याच्याशीं जोडलेलीं आहेत.

संशोधनाच्या बाबतींत आपण आणखी एक वाट धरली. मोठीं संशोधन-केंद्रें विद्यापीठांच्या बाहेर काढलीं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीं सुरू झाली ती स्वतंत्र. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखालीं १९८८ सालीं स्थापन झालेलें खगोलशास्त्राचें 'आयुका' केंद्र तर पुणें विद्यापीठाच्याच आवारांत आहे. परंतु संस्था निराळी, म्हणून तेथील निबंध तिच्या नांवावर मांडले जातात. एकाच वाड्यांत दोन बिऱ्हाडें असावींत आणि चुली वेगळ्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. जर्मनींतहि माक्स प्लांक संस्थांचें संशोधन विद्यापीठांच्या खात्यांत पुरतें येत नाहीं. फ्रान्सनें या हिशेबाकडे निराळ्या रीतीनें पाहिलें. पॅरिसजवळच्या अनेक संस्था एकत्र करून २०१९ सालीं पॅरिस-सॅक्ले विद्यापीठ उभें केलें आणि २०२० च्या शांघाय यादींत तें पहिल्याच झेपेस १४ वें आलें. प्रयोगशाळा जुन्याच होत्या, विद्वान् जुनेच होते. खातीं मात्र एक झालीं होतीं.

मोजणींतून काय सुटतें, याचीं दोन उदाहरणें आपल्याच प्रांतांतलीं देतों. या याद्या संशोधनाची मोजदाद ज्या निबंधसूचींवरून करतात त्यांत इंग्रजी नियतकालिकांचें प्राबल्य आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली आणि १९६६ सालीं पुरी केली. ४७ वर्षांचें हें काम जगांतील संस्कृतज्ञांनीं प्रमाण मानलें. परंतु दरसालच्या निबंधसंख्येवर चालणाऱ्या मोजणींत अशा कामास जागा कोठें द्यावयाची? मराठींत लिहिलेल्या उत्तम इतिहासग्रंथाची किंवा कोशाची स्थिति याहून बिकट आहे.

दुसरें उदाहरण शेतांतलें. आमच्या भागांत ऊंसाची 'को ८६०३२' ही जात घरोघर ठाऊक आहे. मूळ कोइमतूरच्या ऊंस-पैदास संस्थेंत निपजलेली ही जात राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या पाडेगाव येथील संशोधन-केंद्राच्या द्वारें महाराष्ट्रास मिळाली. १९९६ सालीं तिची शिफारस झाली आणि तिला 'नीरा' असें नांव पडलें. हें पाडेगावचें केंद्र १९३२ सालचें. या एका जातीनें किती घरांचीं कर्जें फिटलीं आणि किती मुलींचीं शिक्षणें झालीं, याची नोंद कोणत्याहि जागतिक यादींत सांपडावयाची नाहीं. विद्यापीठाची किंमत त्याच्या भोंवतालच्या लोकांच्या आयुष्यांत काय फरक पडला यावरूनहि करावयास हवी. पण तें माप दूर बसून लावतां येत नाहीं.

गुण देणाऱ्यास आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. ती म्हणजे उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानेंच तपासलेली नाहीं ना! या याद्यांतील कित्येक आंकडे विद्यापीठें स्वतः पुरवितात. अमेरिकेंत २०२२ सालीं कोलंबिया विद्यापीठांतील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनीं आपल्याच विद्यापीठानें एका प्रसिद्ध अमेरिकन यादीस पुरविलेले आंकडे बरोबर नाहींत, असें दाखवून दिलें. त्या यादींत दुसरें असलेलें विद्यापीठ त्याच वर्षीं अठरावें झालें. यादी काढणाऱ्या कंपन्यांपैकीं कांहींचा विद्यापीठांना सल्ला देण्याचा व त्यांच्या जाहिराती घेण्याचाहि व्यवसाय आहे. परीक्षकच शिकवणी चालवूं लागला तर पालकांनीं थोडें सावध राहावें, हें सांगावयास नको. २०२० सालीं मुंबई, दिल्ली, मद्रास इत्यादि सात आय. आय. टी. संस्थांनीं टाइम्सच्या यादीची रीत पुरेशी उघड नाहीं, असें म्हणून तींत भाग घेण्याचें नाकारलें. २०२३ सालीं नेदरलंड्समधील उत्रेख्त आणि २०२४ सालीं स्वित्झर्लंडमधील झुरिख या नामांकित विद्यापीठांनींहि त्या यादीपासून अंग काढून घेतलें.

मग या याद्या टाकाऊ आहेत काय? तसें मला वाटत नाहीं. ज्या विद्यापीठांत शिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहींत त्याकडे एरव्हीं कोणी पाहत नसे. क्रमांक घसरला आणि तीच गोष्ट वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली. परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्यास अनोळखी विद्यापीठाविषयीं कांहीं अंदाज मिळतो. एका वर्षाच्या चढउताराला फार किंमत देऊं नये. पण पांच-सहा वर्षें सतत एकाच दिशेनें चाललेली हालचाल मात्र लक्षांत घ्यावी. सरकारी यादींत पुणें विद्यापीठ २०२० सालीं ९ वें होतें, २०२२ सालीं १२ वें, २०२३ सालीं १९ वें, २०२४ सालीं २३ वें आणि २०२५ सालीं ५६ वें. हा उतार एका वर्षाचा नाहीं, आणि त्याचा जाब विचारण्याचा अधिकार नागरिकांस आहे.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे येतों. सरकारी यादींत विद्यापीठाचा जो नंबर लागतो तो विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारांतील विभागांचा. इंदापूरच्या, बारामतीच्या किंवा नाशिककडील एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गांत कोण शिकवितें, हें त्यांत मोजलेलें नसतें. महाविद्यालयांची यादी निराळी निघते आणि तींतहि देशांतील अगदीं थोड्या महाविद्यालयांस क्रमांक मिळतो. म्हणजे मुलीच्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचें नांव छापलें जातें त्याचा क्रमांक आणि तिला प्रत्यक्ष मिळणारें शिक्षण यांचा संबंध आपण समजतों तितका जवळचा नाहीं. यासाठीं नीरेच्या अलीकडचें महाविद्यालय असो कीं पलीकडचें, पालकांनीं स्वतः तेथें जावें आणि कांहीं साधे प्रश्न विचारावे. मुलीच्या विषयास कायम शिक्षक किती आणि तासावर नेमलेले किती? प्रयोगशाळा आठवड्यांतून किती वेळ विद्यार्थ्यांच्या हातीं असते? ग्रंथालय संध्याकाळीं उघडें असतें काय? गेल्या तीन वर्षांत या विषयाचे विद्यार्थी पुढें कोठें गेले? राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची श्रेणी कोणती आणि ती कोणत्या सालची? मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था कशी आहे? या प्रश्नांचीं सरळ उत्तरें देणारें महाविद्यालय पहिल्या शंभरांत नसलें तरी निःशंक मनानें पत्करावें.

परदेशीं मुलगा पाठविणाऱ्या शहरांतील कुटुंबांनींहि एकंदर क्रमांकावर न थांबतां, विषयवार क्रम पाहावा, निदान दोन याद्या ताडून पाहाव्या, आणि ज्या विभागांत मुलगा जाणार तेथें सध्यां कोण शिकवितें याची चौकशी करावी. पुढें शिष्यवृत्तीच्या किंवा परवान्याच्या नियमांत क्रमांकाची अट असेल तर ती अर्ज करण्यापूर्वींच वाचावी. नंतर कळून उपयोग होत नाहीं.

विद्यापीठें ज्यांच्या करांतून चालतात त्या आपण सर्वांनीं एवढें मात्र करावें. क्रमांक वर गेला कीं अभिनंदनाचे फलक लावावयाचे आणि खालीं आला कीं यादीला नांवें ठेवावयाचीं, ही रीत सोडावी. दोन्ही प्रसंगीं एकच विचारावें : शिक्षकांच्या जागा भरल्या काय? तें एक काम नीट झालें तर वर्गांत बसलेल्या मुलांचें हित त्याच दिवशीं होईल. यादींतील क्रमांक मागाहून सावकाश येईल, आणि त्यास थोडा उशीर झाला तरी कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं.